नकाशा कोणाच्या हाती?

अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेली. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांवर उतरला. यातले बहुतेक बळी फेंटानिलसारख्या अफूवर्गीय रसायनांचे. श्वास थांबत आलेल्या माणसाच्या नाकात वेळेवर नॅलोक्झोनचा फवारा मारला तर तो वाचू शकतो. मार्च २०२३ मध्ये हा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकायलाही तिथे मंजुरी मिळाली. म्हणजे औषध आहे. ते मरणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न आहे. त्यासाठी आता संगणकाला भविष्य विचारले जात आहे.

आमचा संगणकाला विरोध नाही. ज्योतिषापेक्षा तो केव्हाही बरा! ऱ्होड आयलंड राज्यात आरोग्य खात्याने आणि ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढच्या काळात कोणत्या वस्तीत मृत्यूचा धोका अधिक, याचा अंदाज काढण्याचा प्रयोग केला. त्यात वस्ती दिसते, माणसाचे नाव दिसत नाही. कार्यकर्ते तिकडे औषध घेऊन जातात. याला कोण नाही म्हणेल?

पण ‘नार्क्सकेअर’ नावाची प्रणाली पाहा. ती रुग्णाला ० ते ९९९ असा धोक्याचा गुणांक देते. किती डॉक्टरांकडे गेला, किती दुकानांतून औषध घेतले, हे त्यात मोजले जाते. कुत्र्यासाठी पशुवैद्याने लिहिलेले औषधही काही राज्यांत मालकाच्या नावावर चढते. निर्णय डॉक्टरचाच, असे कंपनी म्हणते. पण गुणांकाचे पूर्ण सूत्र मात्र उघड करीत नाही. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाने मग दाद कोणाकडे मागायची?

त्याहून गंभीर बाब पोलिसांची. अतिसेवनाच्या घटना तत्काळ नकाशावर टिपणारी ‘ओडीमॅप’ ही व्यवस्था २०१७ मध्ये सुरू केली ती अमली पदार्थविरोधी पोलीस यंत्रणेने. आणि तिथल्या पोलिसांची नजर कशी आहे? १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा ठरवली, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला! क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते बहुसंख्य कृष्णवर्णीय. २०१० मध्ये हे प्रमाण १०० वरून १८ वर आणले. समान अजूनही केलेले नाही. अशा अटकांच्या नोंदी यंत्राला खाऊ घातल्या तर यंत्र पोलिसाचाच पूर्वग्रह शिकणार. मग शेजारी बेशुद्ध पडला तरी रुग्णवाहिका बोलवायला कोण धजेल?

आम्हाला हे परके वाटत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, माणसांना पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडले. तेव्हा संगणक कुठे होता? रजिस्टर पुरले. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी वस्तीवर चोरीचा पहिला संशय आजही येतोच.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, नकाशा आरोग्य खात्याकडे राहावा, यंत्राचे सूत्र खुले असावे, अंदाज वस्तीपुरता असावा. उद्या पोलिसांनी तो मागितला तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कायद्यात लिहिलेला असावा, आणि निर्णयाच्या बैठकीत त्या वस्तीतला, व्यसनातून उठलेला माणूस मतदानाच्या हक्कासह बसलेला असावा.