कॅसेट गेली, शिंदेशाही वाजतेच आहे

चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली, की चहाच्या टपरीशी थांबलेल्या टेम्पोत प्रल्हाद शिंदेंचा विठ्ठल सुरू. तोही ब्लूटूथवर! अडकलेली रीळ पेन्सिलीने गुंडाळायचे दिवस गेले.

शिंदे २००४ साली गेले. गाणी मात्र यूट्यूबवर जोरात. मुलगा आनंद, नातू आदर्श यांच्या गाण्यांच्या शेजारीच.

पैसा कुठून येतो? कॅसेट एकदाच विकली जायची. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. दुसऱ्या कुणी तेच गाणं चढवलं, तर ‘कंटेंट आयडी’ ते ओळखतं आणि हक्कदार कंपनी ती कमाई स्वतःकडे वळवू शकते. मेख इथेच आहे: गायकाच्या हाती किती पडणार, हे बहुतेकदा जुन्या करारावर ठरतं. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा तरी राखला, हे बरंच झालं.