हरीण-रोह्यांपासून परसबागेचे रक्षण

रिसोड परिसरात शेताला लागून असलेल्या परसबागेत काळवीट आणि रोही, म्हणजे नीलगाय, शिरतात. पालक, मेथी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे ते आधी खातात. बुजगावणे, डबे, चमकत्या पट्ट्या यांना जनावरे काही दिवसांतच सरावतात. वासाचे उपाय पावसात धुऊन जातात. खरा भरवसा कुंपणाचाच. काळवीट उंच उडी घेते, म्हणून जाळी सात-आठ फूट उंच हवी आणि खालची कड जमिनीत पुरलेली हवी. बाग लहान असेल तर एवढा खर्च नक्कीच सार्थकी लागतो. स्वस्तातला मार्ग म्हणजे जुन्या साड्या: आडोशापलीकडचे दिसत नसल्याने जनावर उडी मारायला कचरते, पण भुकेले रोही साडी फाडून आत येते. बोरी-बाभळीच्या काट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. सागरगोटा किंवा घायपाताचे जिवंत कुंपण वाढायला काही वर्षे घेते, मग मात्र टिकते. रब्बीत कडेला काटेरी करडई पेरण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. कुंपणात घरची वीज सोडणे बेकायदा आहे आणि त्यात माणसेही दगावतात. काळविटाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते.