आठ सेकंद हलू नका

उत्तरेच्या आकाशातल्या हिरव्या प्रकाशाचा फोटो कुठे छापून आला की त्याखाली एकाच माणसाचं नाव असतं. मित्रांबरोबर उत्तर नॉर्वेत रात्री जागवून आल्यापासून मला ही पद्धत अन्यायाची वाटते. बटण एकाने दाबलेलं असतं, हे खरं. पण तो एक जण योग्य जागी, योग्य वेळी, न गोठलेल्या बोटांनी उभा असावा म्हणून बाकीचे जे करतात, ते फोटोत कुठेच दिसत नाही. हे किस्से त्या बाकीच्यांचे आहेत.

आमची मंडळी पुण्यातल्या कॉलेजपासूनची. त्यातला एक जण नोकरीनिमित्त ऑस्लोला गेला तो तिथलाच झाला. बर्फातल्या रस्त्यांची सवय फक्त त्यालाच, म्हणून गाडी त्याच्याकडे. नाशिकला डोळ्यांचा दवाखाना चालवणारी डॉक्टर मैत्रीण, भूगोलाची प्राध्यापिका, बँकेतून निवृत्त झालेला मित्र आणि कॅमेऱ्याचं वेड असलेला मी, असे आम्ही पाच. बेत ठरला तो 2024च्या मे महिन्यात. 10 तारखेच्या रात्री सूर्याकडून आलेल्या प्रचंड वादळाने लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं आणि तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं होतं. प्राध्यापिकेने तो फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे भारतातून दिसतंय. आता तरी उठा." पुढच्या मार्चमध्ये आम्ही ट्रोम्सोला होतो. महिनाही तिनेच निवडला होता. दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांत गुंतायला जास्त अनुकूल असतं, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास हा प्रकाश दिसण्याची शक्यता वाढते.

जाणारा प्रत्येक जण मोबाइलवर एक आकडा बघत बसतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा केपी निर्देशांक, शून्य ते नऊ. आमचा बँकवाला सकाळ-संध्याकाळ तो असा वाचून दाखवायचा की शेअर बाजार चालू आहे असं वाटावं. पण ट्रोम्सो साधारण 70 अक्षांशावर, ध्रुवीय प्रकाशाच्या वलयाच्या अगदी खाली आहे. तिथे केपी दोन असला तरी पुरतो. खरा प्रश्न ढगांचा असतो. समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्यावरच्या डोंगरांना अडते आणि शहर झाकून टाकते. प्राध्यापिका म्हणूनच केपीकडे बघायचीसुद्धा नाही. तिच्यासमोर नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा असायचा. "प्रकाश वर आहेच रे," ती म्हणायची, "आपल्याला फक्त भोक शोधायचंय."

ते भोक बहुतेक वेळा एकाच दिशेला सापडतं. ट्रोम्सोहून निघायचं, नूरशोसबोटनला वळायचं, फ्योर्डच्या कडेकडेने शीबोटन गाठायचं आणि तिथून फिनलंडच्या सीमेकडे चढायचं. सगळं मिळून दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर. शीबोटनचं खोरं पर्जन्यछायेत येतं. सह्याद्री ओलांडला की घाटमाथ्याचा पाऊस जसा एकाएकी थांबतो, तसे लिंगेनचे डोंगर मागे पडले की ढग विरळ होत जातात. फक्त इथे त्याची किंमत थंडीत मोजावी लागते. किनाऱ्यावर उणे तीन असेल तर वर उणे वीस.

ज्या रात्रीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, त्या रात्री आकाश फुटलं ते आम्ही गाडीत असताना. फ्योर्डकडेचा रस्ता, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि काचेतून वर हिरवा पडदा उत्तर-दक्षिण हेलकावतोय. आम्ही चौघं एकदम ओरडलो, "थांबव!" गाडी थांबली नाही. "इथे जागा नाही," एवढंच तो म्हणाला. मी विनवलं, डॉक्टर रागावली, बँकवाल्याने मित्रत्वाची शपथ घातली. त्याने वेगही कमी केला नाही. त्या रस्त्यावरून रात्री मोठे ट्रक जातात, बर्फावर ते पटकन थांबू शकत नाहीत, आणि आकाशाकडे बघत अंधारात रस्त्यात उभी राहिलेली माणसं त्यांना शेवटच्या क्षणी दिसतात. गाड्या उभ्या करायला केलेली मोकळी जागा आली, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं, प्रत्येकाला चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट घालायला लावलं आणि मगच दार उघडू दिलं.

तोवर वर फक्त फिकट ठिपके उघडझाप करत उरले होते. डॉक्टर त्याच्याशी बोलेना. प्राध्यापिका मात्र शांत होती. "आकासोफू," ती म्हणाली. स्युन-इची आकासोफू या शास्त्रज्ञाने 1964मध्ये या प्रकाशाचा क्रम मांडला. आधी शांत कमान, मग ती अचानक उजळते, तुटते, आकाशभर पसरते, आणि शेवटी उघडझाप करणारे ठिपके. एक आवर्तन संपलं की पृथ्वीमागच्या चुंबकीय शेपटीत ऊर्जा पुन्हा साठायला लागते. म्हणजे ठिपके दिसले तर घरी जायचं नाही, थर्मास उघडायचा. आम्ही चहा प्यायलो, बँकवाल्याच्या पत्नीने दिलेले बेसनाचे लाडू खाल्ले आणि थांबलो. तासाभराने दुसरं आवर्तन आलं, पहिल्यापेक्षा मोठं. डॉक्टरने स्वतःच्या हाताने चहाचा कप भरून गाडीवानाला नेऊन दिला.

त्या तासाभरात डॉक्टरने आमचे सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले होते. तिचा नियम साधा होता. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एकदा कुणी पांढरा उजेड डोळ्यांवर मारला की हिशोब पुन्हा शून्यापासून. फक्त लाल दिव्याची मुभा. गाडीच्या आतला दिवाही तिने निघण्याआधीच बंद केला होता, कारण अशा ठिकाणी एकाने दार उघडलं की शेजारच्या दहा जणांचे फोटो वाया जातात.

पहिल्या रात्री बँकवाला फार खट्टू झाला होता. त्याला आकाशात राखाडी पट्टा दिसत होता आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच पट्टा पोपटी. "म्हणजे फोटो खोटे असतात?" त्याने अगदी कळवळून विचारलं. हा प्रश्न तिथे गेलेल्या पुष्कळांना पडतो आणि त्याचं उत्तर मला डॉक्टरकडून मिळालं. मंद उजेडात आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी बघतो, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशींना जास्त उजेड लागतो. कॅमेरा पाच सेकंद उजेड गोळा करतो, डोळा तसा साठवू शकत नाही. कॅमेऱ्यातला हिरवा खरा आहे आणि आपला राखाडीही खरा आहे. त्या दुसऱ्या आवर्तनात पडद्याच्या खालच्या काठावर नायट्रोजनची गुलाबी किनार धावली, तेव्हा ती बँकवाल्यानेच आधी पाहिली, नुसत्या डोळ्यांनी. तो कितीतरी वेळ हात वर करून उभा होता.

कॅमेऱ्याच्या बाबतीत पुस्तकं आकडे सांगतात. रुंद भिंग, शक्य तितकं उघडं छिद्र, आयएसओ 1600 ते 3200, प्रकाश संथ असेल तर आठ-दहा सेकंद, नाचत असेल तर एक-दोन. हे सगळं बरोबर आहे. पुस्तकात कमी येतं ते थंडीचं. ऊबदार गाडीत जुळवलेला फोकस बाहेर भिंग गार झालं की सरकतो. तो बाहेरच, तारा बघून जुळवावा लागतो. मी अभिजित घ्यायचो. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजावर जेमतेम 18 अंशांवर दिसतो, इथे तो जवळजवळ डोक्यावर. त्याच्याकडे कॅमेरा वळवायला मान मोडून बसावं लागतं.

बॅटऱ्या हे बँकवाल्याचं खातं. थंडीत बॅटरी तासाभरात मान टाकते आणि ऊब मिळाली की थोडी पुन्हा जागी होते. म्हणून तो त्या शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायचा. डाव्या खिशात भरलेल्या, उजव्यात उतरलेल्या. मी हात पुढे केला की बॅटरी हातात पडायची, आणि ती नेहमी गरम असायची. रात्र संपली की कार्ड बाहेरच काढून घ्यायचं आणि कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करून मगच घरात न्यायचा, नाहीतर खोलीतलं बाष्प गार काचेवर आतून-बाहेरून जमतं. कार्ड आधी काढलेलं नसलं की फोटो बघण्याच्या अधीरतेने कुणीतरी पिशवी उघडतोच.

प्राध्यापिकेच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंत पहिल्या रात्री मधोमध वर्तुळं उमटली होती, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. कॅमेरा बिघडलाय असं आम्ही धरून चाललो होतो. दोष तिच्या भिंगावरच्या संरक्षक फिल्टरचा निघाला. ध्रुवीय प्रकाशातला हिरवा हा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, 557.7 नॅनोमीटरचा असतो. असा शुद्ध रंग फिल्टरच्या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये पुढेमागे परावर्तित होतो आणि वर्तुळं उमटतात. फिल्टर काढला, वर्तुळं गेली. पण तिने ते फोटो पुसले नाहीत. आपल्यातला रंग इतका शुद्ध आहे असं पृथ्वीवरचा दुसरा कुठला निसर्गदृश्याचा फोटो सांगतो का, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं.

असंच एक लाल रंगाचं. शटर कितीही झटपट ठेवलं तरी वरचा लाल भाग फोटोत धूसरच येतो आणि हिरवा रेखीव. यात हात हलल्याचा दोष नाही. ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश साधारण पाऊण सेकंदात सोडतो. लाल सोडायला त्याला सरासरी दोन मिनिटांच्या जवळपास लागतात, म्हणून तो विरळ हवेत, दोनशे किलोमीटरच्या वरच टिकतो. तेवढ्या वेळात पडद्याची चुणी कुठच्या कुठे गेलेली असते.

या प्रकाशाचा पहिला फोटो 1892मध्ये, ट्रोम्सोच्या पूर्वेला अल्टाजवळच्या बोसेकोप इथे निघाला. त्याच बोसेकोपला 1910मध्ये गणितज्ञ कार्ल स्टोर्मर आले. हा माणूस मला फार आवडतो. विद्यार्थी असताना वास्कटात कॅमेरा लपवून त्यांनी आजच्या ऑस्लोच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढले होते. त्यांत नाटककार इब्सेनही आहेत. पुढे हेच स्टोर्मर आकाशाकडे वळले. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे, मधून टेलिफोनची तार, दोन्हीकडे कुडकुडणारे सहकारी आणि एकाच क्षणी घेतलेले दोन फोटो. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत तीच कमान दोन फोटोंत किती सरकलेली दिसते, त्यावरून तिची उंची. खालचा काठ साधारण शंभर किलोमीटरवर असतो हे त्यांनी असं मोजून दाखवलं.

प्राध्यापिकेला हे करून बघायचंच होतं. एका स्वच्छ रात्री सीमेजवळ आमच्या दोन तुकड्या झाल्या. मध्ये तीनेक किलोमीटर अंतर, तारेऐवजी मोबाइल. डॉक्टर पलीकडून मोजायची, "तीन, दोन, एक, हं!" आणि इकडे मी बटण दाबायचो. बोटं इतकी गार पडली की अंगठ्याने दाबत होतो. घरी येऊन फोटो लॅपटॉपवर घेतले तर एकही जोडी जुळेना. आम्ही हताश. प्राध्यापिका मात्र वेळांच्या यादीकडे बघत राहिली आणि एकदम टाळी वाजवली. डॉक्टरच्या कॅमेऱ्याने वेळ तिच्या मोबाइलवरून घेतली होती आणि सीमेपाशी मोबाइलने फिनलंडचं नेटवर्क पकडलं होतं. फिनलंडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे. तास वजा केला, जोड्या लागल्या. डोक्यावरची एक हिरवी वेलांटी दोन फोटोंत ताऱ्यांमधून दीडेक अंश सरकली होती, म्हणजे पूर्णचंद्राच्या तिप्पट रुंदीइतकी. उंची शंभर किलोमीटरच्या आसपास आली. पहाटे चार वाजता, पायात दोन-दोन मोजे घालून, प्राध्यापिकेने ती आकडेमोड कागदावर तीनदा केली.

एकत्र फोटो मात्र राहून जात होता, कारण गाडीवान कायम गाडीजवळ. शेवटच्या रात्री आम्ही त्याला ओढून मध्ये उभं केलं. अशा फोटोत माणसांनी आठ सेकंद पुतळ्यासारखं राहायचं असतं, आणि चेहरे दिसावेत म्हणून कॅमेऱ्याशेजारून क्षणभर दिवा दाखवायचा असतो. मी दिवा लावून पळत जागेवर आलो. डॉक्टर मोजायला लागली. "एक... दोन... बँकर, हलू नकोस... चार..." बँकवाल्याच्या छातीशी अजूनही बॅटऱ्या होत्या.

फोटोत वर हिरवी कमान सुरेख आली आहे. खाली आमचे चेहरे जेमतेम ओळखू येतात, कारण दिव्याचा सगळा उजेड पाच जाकिटांवरच्या पट्ट्यांनी जसाच्या तसा कॅमेऱ्याकडे परतवला. फोटोपुरती तरी जाकिटं काढू दे, असं आम्ही त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "रस्ता दहा पावलांवर आहे." आम्ही तोच फोटो मोठा करून घेतला आणि पुणे, नाशिक, ऑस्लो असा सगळ्यांच्या घरी पाठवला.