राहणाऱ्यांनी घडवलेलं शांतिनिकेतन

शांतिनिकेतनातल्या कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या, आवारात एक काळं घर आहे. भिंती मातीच्या, पावसाने झिजू नयेत, वाळवी लागू नये म्हणून त्यांना कोळशाच्या डांबराचा हात दिलेला. या घराला ‘कालोबाडी’ म्हणतात. १९३४ च्या सुमारास चित्रकार नंदलाल बसू आणि शिल्पकार रामकिंकर बैज यांनी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्याच्या भिंतींवर उठावाची शिल्पं करायला घेतली. कुठे भरहूतच्या स्तूपावरच्या आकृती, कुठे मोहेंजोदडोच्या मुद्रा, कुठे इजिप्त, कुठे अ‍ॅसिरिया. हे घर काही प्रदर्शनासाठी उभारलेलं नव्हतं. ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह. शिल्पकलेचा जगभरचा इतिहास मुलं जिथे झोपत, जेवत, भांडत, त्याच भिंतींवर त्यांनी तो स्वतःच्या बोटांनी घडवला.

विद्यापीठाच्या सांस्कृतिक जीवनाचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी गॅदरिंगवर येते. एक समिती, एक मांडव, एक प्रमुख पाहुणा. बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या. शांतिनिकेतनाने शंभर वर्षांपूर्वीच वेगळी वाट धरली. इथे जो राहतो त्याच्या वाट्याला काही ना काही काम येतं. रांगोळी काढायचं, गाणं बसवायचं, भिंत लिंपायचं, भाजी चिरायचं. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते यातच.

रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर यांनी बंगालमधल्या बोलपूरजवळची ही माळरानाची जागा १८६३ मध्ये घेतली. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये तिथे शाळा काढली, १९२१ मध्ये विश्वभारती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

गोष्ट मात्र १९१५ ची सांगायला हवी. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमातली मुलं आधीच इथे येऊन राहिली होती. फेब्रुवारीत गांधीजी आले, आणि दोनच दिवसांत पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारल्याची तार आली. ते तसेच पुण्याला निघाले आणि मार्चमध्ये परतले. आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे एक सूचना ठेवली: पगारी आचारी कशाला? स्वयंपाक आपणच करू. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर तेव्हा तिथेच होते, तेही या उद्योगात उतरले. १० मार्चला सुरुवात झाली. कुणी भाजी चिरायला बसलं, कुणी धान्य निवडायला, काही शिक्षक कुदळ-फावडी घेऊन स्वयंपाकघराचा परिसर साफ करू लागले. खरकट्या भांड्यांचा ढीग घासणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. ते करणाऱ्यांचा जीव रमावा म्हणून काही मुलं त्यांच्यासमोर सतार वाजवत बसत. राखेने माखलेले हात आणि शेजारी सतार, हे दृश्य मला शांतिनिकेतनाच्या कुठल्याही दिमाखदार सोहळ्याहून मोठं वाटतं.

सगळ्या शिक्षकांना हे मानवलं नाही. रवींद्रनाथांनी मात्र शिक्षकांची तयारी असेल तर आपल्याला हवंच आहे असं सांगितलं, आणि स्वराज्याची किल्ली या प्रयोगात आहे असं मुलांना बजावलं. प्रयोग फार काळ टिकला नाही. तारीख मात्र टिकली. १० मार्च हा दिवस इथे ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आचारी, झाडूवाले, शिपाई यांना सुट्टी, आणि त्यांची कामं विद्यार्थी व अध्यापक करतात. वर्षातून एकच दिवस, हे खरं. पण ज्याने एकदा हॉस्टेलच्या मोऱ्या घासल्या, तो दुसऱ्या दिवशी तिथे कचरा टाकताना थबकणारच.

सणांचंही तसंच. १९२८ मध्ये सुरू झालेला वृक्षारोपणाचा उत्सव घ्या. पालखी म्हटलं की आपल्याला आळंदी-देहू आठवते. इथे फुलापानांनी सजवलेल्या पालखीत बसतं ते रोप. मुलं-मुली गात-नाचत पालखी मिरवत नेतात, पंचमहाभूतांच्या वेशातली पोरं सोबत असतात आणि मग रोप लावलं जातं. दुसऱ्या दिवशी जवळच्या श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा उत्सव. बंगालीत आल्पना म्हणतात त्या रांगोळ्या काढायला कलाभवनातले विद्यार्थी बसतात. सण आहे म्हणून पहाटे उठून गात फिरायचं, तर आवाज बरा असो वा नसो, फिरायचं.

या जगण्यात मराठी माणसंही मिसळून गेली. पंडित भीमराव शास्त्री शास्त्रीय गाणं शिकवायला आले. विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. ‘वंगचित्रे’ त्यातूनच आलं.

चित्रकामही असंच मिळून चाले. इथल्या हिंदी भवनातलं मोठं भित्तिचित्र बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये रंगवलं. त्यांची नजर लहानपणापासून अधू. विषय मध्ययुगीन संतांचा: कबीर, सूरदास, तुलसीदास, भोवती घाट, गल्ल्या, चालणारी माणसं. ओल्या गिलाव्यावर रंग द्यायचा तर दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा, आणि तो वाळायच्या आत हात उरकायचा. एकट्याचं काम नव्हेच ते. मदतीला विद्यार्थी होते, त्यांत पुढे नावारूपाला आलेले के. जी. सुब्रमण्यन.

सगळंच असं उरलेलं नाही. पौष महिन्यात भरणारा पौष मेळा १८९४ पासूनचा. तो वाढत गेला. गर्दी, कचरा, प्रदूषण यांवरून प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. २०२० मध्ये मेळ्याच्या मैदानाला कुंपणभिंत घालायला विद्यापीठाने सुरुवात केली, तेव्हा जमावाने ते बांधकाम पाडलं. मोडतोडीचं समर्थन कुणी करू नये. पण आसपासच्या लोकांना ज्या मैदानाबद्दल आपलेपणा वाटतो, तिथे त्यांना विश्वासात न घेता भिंत घालणं हे या संस्थेच्या स्वभावाला धरून नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता इमारतींची निगा राहील. राहणाऱ्यांच्या हातची कामं कंत्राटदाराकडे जाऊ नयेत, एवढी काळजी वाटते.

ही काळजी कमी होते नंदन मेळ्याकडे पाहून. नंदलालांचा जन्मदिवस ३ डिसेंबर. त्याआधी, १ आणि २ डिसेंबरला, कलाभवनाच्या आवारात १९७३ पासून हा मेळा भरतो. महिनाभर आधीपासून विद्यार्थी आणि अध्यापक कामाला लागलेले असतात: मातीची भांडी, छापचित्रं, दागिने, दिनदर्शिका, पाटीएवढी चित्रं. दुकानं मुलंच मांडतात, खाण्याचे पदार्थही तीच रांधून विकतात. एरवी गॅलरीत परवडणार नाही असं एखाद्या नामवंत अध्यापकाचं चित्र इथे बेताच्या किमतीत मिळून जातं. जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या कल्याणनिधीत जातो, आणि एखादं पोर आजारी पडलं, अडचणीत सापडलं की त्यातून त्याला मदत मिळते.