गंगापूरच्या काठची वाइन

नाशिकहून गंगापूर रोडने पश्चिमेला निघालं, की सोमेश्वर मागे पडतं, वस्ती विरळ होते आणि धरणाचं पाणी दिसायच्या आतच द्राक्षबागा सुरू होतात. पण या बागा निफाड-पिंपळगावच्या बागांसारख्या दिसत नाहीत. तिकडे खायची द्राक्षं मांडवावर, डोक्याच्या वर लोंबतात. इथे तारांवर चढवलेल्या वेली कुंपणासारख्या ओळीने उभ्या असतात आणि घड गुडघा-कमरेच्या उंचीवर लागतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात नेलं तर कुणी हातात धरणार नाही असा हा माल.

वाइनचं द्राक्ष म्हणजे थंड मुलखाचं पीक, अशी सर्वसाधारण समजूत. जुने वाइनचे देश साधारण ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक २० अंशांवर. मग इथे सोव्हिन्यो ब्लाँ पिकतं कसं? समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरची उंची हे उत्तर हमखास मिळतं, आणि ते अर्धंच आहे. जयपूरचं उदाहरण घ्या. हिवाळ्यातल्या रात्री तिथे नाशिकपेक्षा गारच असतात. पण उत्तरेत वेल त्या थंडीत पानं गाळून झोपलेली असते. जानेवारीत छाटणी, मग फुटवा, आणि घड पिकतात ते मेअखेर-जूनमध्ये, लू वाहत असताना. साखर भराभर चढते आणि आम्लता जळून जाते. थंडी भरपूर, पण द्राक्षाच्या उपयोगाची नाही.

नाशिकची वेल पुरती झोपतच नाही, आणि शेतकऱ्याने त्याचाच फायदा घेतला. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची. उन्हाळ्यात काडी तयार होते आणि पुढच्या घडाची सूक्ष्म घडण तिच्या डोळ्यांत तेव्हाच होऊन जाते. पावसाळ्यात भुरी आणि केवड्याशी झुंजत पानं टिकवायची. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी. म्हणजे छाटण्या दोन, पीक एकच. आता घड पिकायला लागतो तो नेमका डिसेंबर-जानेवारीत. दुपारी स्वच्छ ऊन साखर भरतं, रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की मण्यातलं मॅलिक आम्ल टिकून राहतं, आणि वासाची द्रव्यंही. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात चालणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्च चालते. आधी पांढरी द्राक्षं, मागून लाल. नाशिकने थंड हवा मिळवली ती नकाशावर नाही, कॅलेंडरवर.

म्हणून इथे कुठली जात रमते, हेही या हिशेबातच बसतं. शेनिन ब्लाँ मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. उष्णतेतही आंबटपणा सोडत नाही, त्यामुळे तिला नाशिक मानवलं. लालमध्ये शिराझ रुळली. रिसलिंगही लावली गेली. पिनो न्वारसारखी नाजूक, खरोखर थंडीतच खुलणारी जात मात्र इथे सहज रमत नाही.

या काठावर वाइनच्या वेली पहिल्यांदा लावल्या त्या राजीव सामंत यांनी. सिलिकॉन व्हॅलीतली नोकरी सोडून आलेला हा तरुण आधी वडिलांच्या जमिनीवर आंबा आणि थॉमसन द्राक्षं करून बसला होता. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या साथीने त्यांनी सोव्हिन्यो आणि शेनिन लावली. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ची पहिली बाटली २००० साली निघाली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने फेसाळ वाइन करून परदेशी धाडली होती. तो मान त्यांचाच.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि वायनऱ्यांचं पीक फोफावलं. मग २००८-०९ची मंदी आली. वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि वर म्हटलं तसं, ही द्राक्षं दुसरीकडे खपत नाहीत. बेदाण्यालाही चालत नाहीत. कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. चवीच्या गप्पा मारणाऱ्या पर्यटकाला हा भाग सहसा कुणी सांगत नाही. आज इथे करारावरच लागवड करायची, हा धडा त्या वर्षांचा आहे.

सुला आणि शेजारच्या यॉर्कच्या गच्चीवरून धरण दिसतं, त्यामुळे शनिवार-रविवारी मुंबईकरांची झुंबड उडते. बाग आणि तळघर नीट पाहायचं असेल तर फेब्रुवारीतला एखादा मधला वार गाठावा. तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. दहाच्या आत पोहोचलात तर क्रेट रिकामे होताना आणि घड प्रेसमध्ये पडताना पाहायला मिळतात. एप्रिलमध्ये गेलात, तर छाटलेल्या खुंटांखेरीज बागेत पाहण्यासारखं फारसं काही नसतं. वाइन मात्र बारमाही मिळते.