जठराचा कर्करोग आणि शाळेतील पाण्याचा माठ

पावसाळा सरला की सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळू लागतात. अशा गावी जठराच्या कर्करोगाची गोष्ट निघाली, तर पहिला संशय सुक्या मासळीवर जाणे स्वाभाविक आहे. परंतु या रोगाचे प्रमुख कारण म्हणजे जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षे वस्ती करून राहणारा एक सूक्ष्म जंतू होय. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन, त्याने जठरास दाह होतो हे सिद्ध केले. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगकारकांत केली. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू बहुधा बालपणीच, घरातील माणसांकडून तोंडावाटे शरीरात शिरतो. अस्वच्छ हात व दूषित पाणी त्यास साहाय्य करतात. पुढे दीर्घकाळच्या दाहाने जठराचे अस्तर झिजते व काही दशकांनंतर थोड्या जणांस कर्करोग होतो. बहुसंख्यांस तो होत नाही. म्हणून भय पसरवू नये.

अति मीठ व धूम्रपान यांनी धोका वाढतो. बोंबील सामान्यतः मिठाविना उन्हात वाळवितात. खारवलेल्या मासळीत मात्र मीठ पुष्कळ असते. हा भेद शिक्षकांनी स्पष्ट करावा. ज्या व्यवसायावर मुलांची घरे चालतात, त्यास विनाकारण दोष लागू नये. खारी मासळी धुऊन, बेताने खावी. जोडीस ताजी भाजी व फळे असावीत.

शाळेत माठातील पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. उष्टा पेला माठात बुडवू नये. मध्यान्ह भोजनापूर्वी व शौचानंतर मुलांनी साबणाने हात धुवावेत. तान्ह्यास घास चावून भरवू नये, हे मातांस समजावून सांगावे.

पोटातील जळजळीवर सोडा घेऊन वर्षे काढणारे पालक गावोगावी आढळतात. जळजळ हटत नसेल, वजन घटत असेल, गिळण्यास त्रास होत असेल अथवा शौचास काळे होत असेल, तर त्यांनी विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. श्वासाच्या, शौचाच्या अथवा दुर्बिणीच्या तपासणीने जंतू ओळखता येतो. दोन प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध बहुधा चौदा दिवस द्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून प्रौढांची अशी तपासणी व उपचार झाले, तेव्हा जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले.

पालकांस वेळीच दवाखान्याची वाट दाखविणे आणि मुलांस हात धुण्याची सवय लावणे, ही दोन्ही कामे शिक्षकांच्या आवाक्यातील आहेत. आज लागलेल्या सवयीचे फळ मुलांस कदाचित चाळीस वर्षांनी मिळेल. परंतु तिचा आरंभ शाळेतील माठापाशीच होतो.