'हिंदू'ने केलेली निराशा

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली पॉप्युलर प्रकाशनाने काढली. 'कोसला' १९६३ ची, 'झूल' १९७९ ची, आणि त्यानंतर ही. मधल्या ३१ वर्षांत तिच्याविषयी इतके बोलले गेले की, हाती येण्यापूर्वीच ती थोर ठरली होती. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी ती आणली, ती याच भारावलेल्या मनाने.

कल्पना खरोखरच मोठी आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच तो खानदेशातल्या मोरगावला निघतो. एकीकडे हजारो वर्षांची माती, दुसरीकडे मरणाच्या दारातला बाप! मोरगावची शेती, तिथली माणसे, बायकांचे भोग ही पाने वाचताना मी जेवणही विसरलो.

मग निराशा कुठे झाली? खंडेराव सांगायचे सोडून समजावू लागतो तिथे. जात, धर्म, इतिहास यांवर पानेच्या पाने वाद चालतात, पण उलट बाजूने तोलामोलाचे बोलणारा कोणी सहसा नसतोच. 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकराला उत्तरे ठाऊक नव्हती, म्हणून आपण त्याच्याबरोबर भरकटलो. धाकटी मनी जाते तेव्हा तिथे कोणी काही समजावून देत नाही, आणि ती पाने विसरता येत नाहीत. खंडेरावाच्या बापाच्या मरणाने मला तसा चटका लावला नाही.

यावर समर्थक म्हणतात, पसारा मुद्दामच आहे, नावातच अडगळ आहे. असेल! गिरगावातल्या चाळकऱ्याला अडगळ कोणी शिकवायला नको. आमच्या पोटमाळ्यावरून तांब्याचा हंडा खाली काढला की आजी बोलू लागते. 'हिंदू'तल्या पुष्कळ वस्तू मात्र संग्रहालयातल्यासारख्या चिठ्ठी लावून येतात.

नेमाड्यांना २०१४ चा ज्ञानपीठ मिळाला, हा मराठीचा मानच. पण त्यामुळे आपल्या वर्गात एक चमत्कारिक रीत पडली आहे. उत्तरपत्रिकेत 'महाकादंबरी' लिहायचे आणि कॅन्टीनमध्ये 'अर्ध्यावर सोडली बुवा' म्हणायचे. प्राध्यापकांनी हे दुसरे वाक्यही एकदा वर्गात, कारणांसह, मांडू द्यावे.

'हिंदू' हा चार भागांतला पहिला भाग, असे जाहीर झाले होते. दुसरा आला तर मी नंबर लावीन. खंडेरावाच्या मतांसाठी नव्हे, मोरगावच्या बायकांसाठी.